पाखरी दिवसा व्याली

श्रावण लागला तरी पाखरी व्याली नव्हती, तेव्हा मी देवावर चिडले होते. उगाच गोड कशाला बोलू? खंडोबाच्या टाकापुढे दिवा लावायचे, हात जोडायचे आणि मनात म्हणायचे, आषाढभर तुला सवड झाली नाही का? आता इतक्या वर्षांनी मी हे सांगते आणि आमचे जावई, जे शाळेत मास्तर आहेत, ते लिहून घेतात. माझी वऱ्हाडी ते पुस्तकी करून टाकतात. करोत बापडे. पण रागाचं वाक्य खोडू नका असं मी त्यांना बजावलं आहे, कारण ही गोष्ट त्या रागापासूनच सुरू होते.

पाखरी आमची घोडी. आमच्याकडे अशी समजूत होती, अजूनही आहे, की श्रावणात घोडी दिवसाउजेडी व्याली तर ते तिच्या मालकाच्या जिवावर येतं. रात्री व्याली तर काही नाही. दिवसा व्याली तर घोडी आणि शिंगरू दोन्ही दान करून टाकायची, घरी ठेवायची नाहीत. म्हणून घोड्या बाळगणारे लोक महिने मोजूनच घोडीला घोडा दाखवतात. आम्हीही मोजले होते. आषाढात ती मोकळी व्हायला हवी होती. पण जनावराच्या पोटाला पंचांग कोण वाचून दाखवणार? आषाढ सरला आणि पाखरी आपलं जडशीळ पोट घेऊन कुरणात निवांत चरत राहिली.

आमची पागा पूर्णेच्या अलीकडे, चांदूर बाजाराहून अमरावतीकडे जाणाऱ्या वाटेला लागून. सासऱ्यांच्या वेळेपासून हाच धंदा. घोड्या पाळायच्या, शिंगरं वाढवायची, चालीला लावायची आणि विकायची. त्या वर्षांत कापसाला जे दिवस आले ते ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून पटायचं नाही. समुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि म्हणून आमच्या काळ्या मातीला भाव आला होता म्हणे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. दलाल अकोला, खामगाव, अमरावती असे नुसते धावत होते आणि धावायला त्यांना घोडे लागत होते. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मागेल त्याला घोडा दिला. पागा बघता बघता रिकामी झाली. पाखरीला दाखवलेला घरचा म्हातारा घोडा पोळ्याच्या सुमारास मेला. शिमग्याला शेवटचं शिंगरू चालीला लावताना हे पडले आणि मांडी मोडली. हाडवैद्याने कामट्या बांधल्या, हाड सांधलं, पण यांची उठायची उमेद गेली. ओसरीवर बाजेवर पडून तबेल्याकडे बघत राहायचे. तबेल्यात उरली होती एकटी पाखरी आणि तिच्या पोटात होतं ते.

शेजारचं शेत यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या भासऱ्यांचं. त्यांनी ज्वारीच्या जागी कापूस लावला, पांदण, म्हणजे शेतांमधली जायची वाट, नांगरून तिथे कापूस लावला, धुऱ्यावर, बांधावरसुद्धा सोडला नाही. या सगळ्या पसाऱ्यात नांगर न लागलेलं एवढं आमचं कुरण होतं. ते रोज येऊन यांच्या उशाशी बसत.

“काहून गवत पोसून राहिला बाप्पा? सारा मुलूख कापूस पेरून राहिला अन् तू एका घोडीसाठी एवढी काळी जमीन पडीक ठेवली. पुढच्या मिरगाले तरी नांगर टाकू दे.”

भासरे वाईट नव्हते. यांच्या औषधपाण्याला रात्री-अपरात्री तेच धावत. आपल्या परीने ते भावाचं भलंच बघत होते.  मग एकदा हे म्हणाले, “पाखरी मोकळी होऊ दे, दादा. शिंगरू जगलं तं पागा राहीन. नाही तं कुरन तुयं.”

तो शब्द मी दारामागून ऐकला आणि त्या दिवसापासून मी कंबर कसली. शिंगरू जगवायचं. ते गेलं तर कुरण जाणार, पागा जाणार, आणि मग हे त्या बाजेवरून कधीच उठणार नाहीत हे मला स्वच्छ दिसत होतं. भासऱ्यांशी सुनेने थेट बोलायची आमच्यात रीत नाही. म्हणून मी पदर पुढे ओढून घोडीशी बोलायचे, पण त्यांना ऐकू जाईल असं. “पाखरे, कोनी कितीबी नांगर घासून ठेवले तरी तू आपलं पोट सांभाळ वं.” तेही माझ्याकडे न बघता घोडीलाच म्हणायचे, “लय शिकवेल घोडी हाय बाप्पा.”

टेकडीवर खंडोबाचं ठाणं आहे. तिथे लोक नवसाचे मातीचे घोडे वाहतात. मी भर चिखलातून वर गेले, भंडार वाहिला आणि मला काय हवं ते देवाला सरळ सांगितलं. शिंगरू दे आणि रात्री दे. दिवसाचं माझ्या दारात आणू नकोस. एका बाजूला यांचा जीव आणि दुसऱ्या बाजूला यांच्या जगण्याचं कारण, यातलं एक निवडायची पाळी तू माझ्यावर आणलीस तर मी तुझा दिवा लावणार नाही. असं देवाला कुणी बोलत नाही, पण मी बोलले. घोडी बहुतेक रात्रीच विते, माणसांची ये-जा थांबली की. तेव्हा मी फार मोठं काही मागत नाही असं मला वाटत होतं.

रात्रीमागून रात्री मी तबेल्यात गवतावर पडून काढल्या. पाखरी उभ्या उभ्या झोपायची आणि सकाळी ताजीतवानी होऊन चारा मागायची. मग एका सकाळी तिच्या थानांच्या टोकांना मेणासारखे थेंब दिसले. म्हणजे आता फार दिवस नाहीत. त्याच दिवशी मला एक युक्ती सुचली. ग्रहणात गरोदर बाईला आपण अंधारात बसवतो, ग्रहणाची नजर पडू नये म्हणून. मग घोडीला का नाही? दिवसा कळा आल्याच, तर सूर्याची नजर तिच्यावर पडू द्यायची नाही. त्याने पाहिलंच नाही तर दिवसा व्याली असं कोण म्हणणार? मी झरोक्यांत कडब्याच्या पेंढ्या कोंबल्या, तट्ट्यांच्या फटींत चिंध्या भरल्या आणि दारावर घरातल्या सगळ्या घोंगड्या एकावर एक टांगल्या. तबेल्यात डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार झाला.

बाजेवरून हे बघत होते. “देवाले फसवून राहिली काय वो?”

“देवाले कायले? सूर्याले फसवून राहिली.”

कितीतरी महिन्यांनी हे हसले. आपल्या खंडोबाला मार्तंड म्हणतात आणि मार्तंड म्हणजे सूर्यच, हे आम्हा दोघांनाही तेव्हा आठवलं नाही.

आणि व्हायचं तेच झालं. सकाळची न्याहारी आटोपली होती, झिमझिम पाऊस होता, भासऱ्यांकडची माणसं निंदणाला गेली होती. पाखरीने चारा सोडला, पाय आपटू लागली, मान वळवून सारखी कुशीकडे बघू लागली. अंगाला घाम फुटला. मी तिला आत घेतलं आणि घोंगड्या सोडल्या. “अजून थांब वं, सांज होऊ दे,” असं म्हणत तिच्या मानेवर हात फिरवत राहिले. पण कळा कुणाचं ऐकतात? ती आडवी झाली आणि पाणी फुटल्याचा आवाज आला.

गाईसारखं घोडीचं सावकाश काम नसतं. पाणी फुटल्यावर शिंगरू झटपट यावं लागतं, नाही तर दोघंही हातचे जातात. मी चाचपून पाहिलं. एक खूर लागला. दुसरा त्याच्या मागोमाग असायला हवा, तो लागेना. नाक लागलं, दुसरा खूर नाहीच. पाखरी जोर करत होती, कण्हत होती, आणि मी त्या काळोखात आंधळ्यासारखी हात फिरवत होते. ओसरीवरून हे ओरडून विचारत होते, काय झालं, काय झालं.  मी खंडोबाचं नाव घेत होते, पण ते नाव घेणं नव्हतं, भांडणच होतं.

तेवढ्यात घोंगड्यांच्या बाहेर एका बाईचा आवाज आला. “घरात कोनी आहे काय वो? नाला उतराची वाट कोनती?” पाखरी पुन्हा कण्हली. बाहेरची बाई म्हणाली, “कोन अडली आत?”

“घोडी,” मी म्हटलं. घोंगडीचं टोक हललं तशी मी किंचाळले, “पडदा उचलू नका!”

“मंग उजेडाबिगर पाहून काय राहिली?”

मी रडत रडत दोन वाक्यांत तिला सांगितलं. श्रावण आहे, दिवस आहे, मालक बाजेवर आहे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी बायांची सुईन होय, माय. घोडीले कधी हात नाही लावला. पन अंधारात तं मी बाईलेही हात लावत नाही. पडदा तुया तूच काढ. घर तुयं हाय, मी नाही काढनार.”

तिने पडदा ओढून काढला असता तर बरं झालं असतं असं त्या क्षणी वाटलं. मग दोष तिच्यावर गेला असता. पण ती बाहेर पावसात उभी राहिली. मला आतून पाखरीचा श्वास ऐकू येत होता आणि बाहेरून यांचा आवाज. रात्र मागून मागून मी थकले होते, आणि रात्र काही येत नव्हती. मी उठले आणि दोन्ही हातांनी सगळ्या घोंगड्या एकदम ओढल्या. “घे,” मी म्हटलं, “काय पाहायचं ते पाह्य आता.” हे मी त्या बाईला म्हटलं की देवाला, कोण जाणे. ढगाळ दिवस होता, तरी त्या अंधारानंतर तो उजेड मला सोसेना.

बाई उतारवयाची होती. पाठीला गाठोडं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. माझे हात श्रावणातल्या हिरव्या चुड्याने भरलेले होते. तिची दोन्ही मनगटं रिकामी होती. तिने माझ्या बांगड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “तू डोक्याकून धर. माये हात मोकळेच आहेत.” शुभकार्यात असा हात पुढे आला की लोक नजर फिरवतात. माझ्या पाखरीला त्या दिवशी तोच हात हवा होता.

तिने जवसाचं तेल मागितलं, कोपरापर्यंत लावलं आणि पाखरीच्या मागे बसली. तिलाही सगळं ठाऊक होतं असं नाही. मध्येच थांबायची, मला विचारायची, घोडीचा गुडघा कुणीकडून वळतो? मी सांगायची. आतला पाय गुडघ्यात दुमडून मागे अडकला होता. कळ ओसरली की ती शिंगराला हळूच मागे रेटायची, कळ आली की थांबायची. शेवटी तिने आतला खूर मुठीत झाकून घेतला, आईला लागू नये म्हणून, आणि तो हळूहळू पुढे आणला. “आले वो दोन्ही पाय. ये इकडे. घोडीसंगं ओढ, तिच्याआधी ओढू नको.” आम्ही दोघी आणि पाखरी, तिघी मिळून जोर करत होतो. मग एकदम सगळं सैल झालं आणि शिंगरू आमच्या मांड्यांवर येऊन पडलं.

ते हलेना. बाईने नाकावरचं पुसलं, मी गवताची काडी नाकपुडीत फिरवली, अंग खसाखसा चोळलं. मग ते शिंकलं. त्या शिंकेएवढं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. घोडीच होती ती, कुमेद, म्हणजे गडद तांबड्या रंगाची, पाय पांढरे. आमची पागा तिथे ओली होऊन गवतात पडली होती. मी मान वर केली तर दारात हे उभे होते. भिंतीला धरून, घामाने निथळत, पण आपल्या पायांवर उभे. ओसरीवरून तबेल्यापर्यंत कसे आले ते त्यांनाही सांगता येईना. तेव्हा मला रडू फुटलं.

बाईने हात धुतले. मी तिला भाकर आणि जवसाची चटणी दिली, ती तिने दारातच बसून खाल्ली. अमरावतीकडे कुणा नात्यातल्या पोरीच्या बाळंतपणाला ती निघाली होती. नेहमीची पांदण यंदा कापसात गेली, गुडघाभर चिखल, पाय रुतून राहिले, म्हणाली. “सारा मुलूख नांगरून टाकला वो. दुरून तुमचं गवत दिसलं. म्हटलं, तेवढ्यावर तरी पाय ठरन.” म्हणून ती आमच्या वाटेने आली होती. तिने शिंगराच्या कपाळाला बोट लावलं, गाठोडं उचललं आणि निघाली. त्या गडबडीत मी तिचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पुढे चांदूरच्या बाजारात, अमरावतीला अंबादेवीच्या देवळात कितीजणींना विचारलं. कुणालाच माहीत नव्हती. लोक म्हणतात ती म्हाळसाच होती. मी कुणाशी वाद घालत नाही. मला तिच्या टाचांच्या भेगा आठवतात आणि त्यांत भरलेली आमच्या कुरणाची माती आठवते. ती बाईच होती. तिला त्या वेळी त्या वाटेला कोणी लावलं, एवढंच माझं विचारणं आहे.

दुपारी भासरे आले ते जोशीबुवांना घेऊनच. जोशीबुवा भले गृहस्थ, पोथीत आहे तेवढं त्यांनी सांगितलं. घोडी आणि शिंगरू घरी ठेवू नये, दान करावी. हे दाराशी बसले होते. म्हणाले, “मालक मी. येईन तं मायावर येईन. येऊ द्या.” तेव्हा भासरे रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. “घोड्या पन्नास भेटतीन रे. मले भाऊ एकच हाय.” त्यांच्या डोक्यात त्या घटकेला कुरण नव्हतं, कापूस नव्हता.

मी पाखरीची आयाळ धरली आणि तिलाच म्हटलं, “पाखरे, जोशीबुवांले विचार, दान देवाले चालते काय?” जोशीबुवा म्हणाले, “चालते. त्याच्याहून मोठं कोन हाय घेनारं?”

माझ्या मनात चलाखी नव्हती असं नाही. देवाला दिली तर गावातच राहील, डोळ्यांना दिसेल, एवढा हिशेब होता. शिंगरू चालायला लागल्यावर मी दोघींना घेऊन टेकडी चढले. भासरे मागून येत होते. गुरवाने माझ्या तळहातावर पाणी सोडलं. मी म्हटलं, घोडी तुझी, शिंगरू तुझं, आणि दोर सोडला. सोडताना मात्र चलाखी कुठल्या कुठे गेली. हात इतका रिकामा झाला की तो कुठे ठेवावा कळेना. मी मागे न बघता उतरायला लागले. मागून शिंगरू बारीक आवाजात खिंकाळलं, तरी मी वळले नाही. घरी जाऊन यांना काय सांगायचं ते शब्द जुळवत होते.

“अवो बाई, थांब,” गुरवाने हाक मारली. म्हातारा दोर हातात घेऊन उभा होता. “देवापाशी मातीचे घोडे हायेत, त्यांले चारा लागत नाही. हिले लागते. इथं भवताल कापूसच कापूस. गवत कोनापाशी हाय?”

“आमच्या कुरनात हाय.”

“मंग ते गवत देवाचं झालं. हिले तिथं ने अन् चार. पन मालकीन म्हनू नको सोताले.” त्याने दोर माझ्या हातात दिला. भासऱ्यांनी पागोटं काढलं, देवाला नमस्कार केला आणि खाली उतरले. देवाच्या कुरणाला कोण नांगर लावणार?

शिंगराचं नाव आम्ही उजळी ठेवलं. तिला चालीला यांनीच लावलं, लंगडत लंगडत. हे त्यानंतर पुष्कळ जगले. पागा पुन्हा भरली. मी पुष्कळदा विचार करते की खंडोबाने माझं ऐकलं असतं तर? पाखरी रात्री अडली असती. त्या चिखलातून रात्री कोण आलं असतं? मी रात्र मागितली आणि त्याने दिली नाही, म्हणून आज हे सगळं आहे. तेव्हापासून मी देवाला काय हवं ते सांगते, पण केव्हा आणि कसं ते सांगत नाही. आमच्या तबेल्याच्या दाराला आजही पडदा नाही. घोडी भरत आली की मी दार उघडं ठेवते आणि जवसाचं तेल जवळ ठेवते.

कापसाचे ते दिवस जसे आले तसे गेले. समुद्रापलीकडची लढाई थांबली म्हणे, भाव उतरला. पुढे एका वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि भासऱ्यांच्या बैलांना चारा उरला नाही. आमचं कुरण वाळलेलं, पण उभं होतं. एका सकाळी ते कुरणाच्या कुपाशी, काटेरी कुंपणाशी, येऊन उभे राहिले. मी पदर पुढे घेतला. ते माझ्याकडे बघेनात, पाखरीकडे बघत म्हणाले, “पाखरे, सांग घरात. बैल उपाशी हायेत.”

मी पाखरीच्या कानाशी म्हटलं, “सांग त्यांले, मालकाले विचारा.”

भासरे हसले. मग गुडघ्यांवर हात ठेवत टेकडी चढायला लागले. ते वर पोचून दर्शन घेऊन खाली येईपर्यंत मी कुपाचं कवाड उघडलं होतं आणि त्यांचे बैल आत चरत होते.